भरून गेलो, रिकामा आलो

मी एक जुना पिंजरा आहे, मित्रांनो, आणि मला वास येतो. नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. कुजलेल्या माशांचा, गंजाचा आणि भ्यालेल्या जनावरांच्या मुताचा वास आहे तो. त्यातला मांजरांचा वाटा मी केव्हाच माफ केला. माणसांचा करवत नाही.

एका जाळीवाल्याने तारा वाकवून मला घडवलं. आत एक पत्र्याची पट्टी आहे, तिच्यावर पाय पडला की मागचं दार खाली येतं. "पंजा अडकेल अशी फट नको हं," असं त्याला बजावणारी ताईच मला घरी घेऊन गेली. ताई शाळेत गणित शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी गल्लीतली मोकाट मांजरं पकडायची.

पकडायची ती हाकलून द्यायला नव्हे. भुकेलं मांजर आत शिरलं की दार पडायचं, आणि लगेच ताई माझ्यावर निळ्या फुलांची जुनी चादर टाकायची. अंधार झाला की मांजर निवायचं. मग आम्ही प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचो. त्या मांजराची नसबंदी करायच्या आणि ते गुंगीत असतानाच डाव्या कानाचं टोक कापायच्या. हिचं झालंय, हिला पुन्हा धरू नका, अशी ती खूण. बरं वाटलं की ताई त्याला माझ्यातूनच परत आणायची आणि जिथून उचललं त्याच जिन्याखाली सोडायची. मी भरलेला जायचो, भरलेला यायचो. याचा मला फार अभिमान होता. घरी आल्यावर ताई मला गरम पाण्याने घासून काढायची.

भुरी माझी पहिली. आत सापडल्यावर तिने फिस्कारून इमारत डोक्यावर घेतली होती. परत आल्यावर ती ताईच्या पायरीवर झोपायची, पण मला पाहिलं की लांबून वळसा घालायची. हळूहळू गल्लीत पिल्लं होईनाशी झाली, बोक्यांची भांडणं थांबली. शेजारी म्हणायचे, "ताई, आता झोप लागते हो शांत."

मग ताई जिन्यावरून घसरली. पाय मोडला आणि ती बहिणीकडे राहायला गेली. मी इमारतीच्या अडगळीच्या खोलीत पडलो. तिथून मला अध्यक्षांनी बाहेर काढलं.

हे आमच्या इमारतीचे अध्यक्ष. स्वच्छतेवर बोलायला लागले की तोंडाला फेस यायचा, आणि स्वतः माशांची डोकी मागच्या खिडकीतून खाली भिरकवायचे. डोळे मिटून दूध पितं म्हणून तुम्ही मांजराला नावं ठेवता. या गृहस्थांपुढे मांजर परवडलं.

"कान कुरतडलेली आहेत ना, ती आधी उचलतो," ते बायकोला म्हणाले. "खरूज आहे त्यांना. सगळीकडे पसरेल."

"ताईंना एकदा फोन करून विचारा की," काकू म्हणाल्या.

"त्यात काय विचारायचंय? दिसतंय ना."

झालं. माझ्यात माशांची शिळी डोकी कोंबली. चादर नाही, धुणं नाही. गाडीच्या डिकीत मांजरं माझ्या जाळीवर आपटून नाकातून रक्त काढायची. शहराबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगराशी अध्यक्ष मला बुटाने तिरका करायचे आणि सुगंधी रुमाल नाकाला लावून म्हणायचे, "जा, ऐश करा." मित्रांनो, त्या कचऱ्याची मला घाण वाटली नाही. त्या रुमालाच्या वासाची मात्र वाटली.

शेवटी भुरी सापडली. एकदा धरलेलं मांजर सहसा पुन्हा पिंजऱ्यात शिरत नाही. पण ताई नव्हती, खायला घालणारं कुणी नव्हतं, आणि खिडकीतली डोकी आता माझ्यातच येत होती. भुकेपुढे शहाणपण टिकलं नाही. या खेपेला ती फिस्कारलीही नाही. कोपऱ्यात अंग चोरून चादरीची वाट पाहत बसली.

इकडे जागा रिकामी झाली आणि खिडकीखाली माशांच्या डोक्यांचं पान पुन्हा वाढलं जाऊ लागलं. पलीकडच्या गल्ल्यांतले धडधाकट कानांचे बोके आले, त्यांच्यामागे माद्या आल्या. रात्रभर बोंबाबोंब सुरू झाली. अध्यक्षांचं दार बोक्यांनी मुतून पिवळं केलं आणि त्यांच्या गाडीच्या कव्हरात एका मांजरीने पिल्लं घातली.

ताई काठी टेकत परत आली. पायरी पाहून तिने पहिला प्रश्न विचारला, "भुरी कुठे आहे?"

"ती खरजुली मांजरं लांब सोडली मी," अध्यक्ष म्हणाले. "सगळ्यांच्या भल्यासाठीच."

"खरूज नव्हती ती. ऑपरेशन झाल्याची खूण होती."

"मला काय माहीत?"

"विचारायचं होतं," ताई म्हणाली.

तिने मला धुतलं, चादर घेतली आणि अध्यक्षांनाच गाडी काढायला लावली. कचऱ्यापाशी मला मांडून आम्ही दुपारभर थांबलो. उन्हं उतरताना ढिगाऱ्यावर एक हाडकुळी भुरकट मांजर दिसली. डाव्या कानाला टोक नव्हतं.

"भुरे, ये गं," ताईने हाक मारली.

भुरी थबकली. तिने ताईकडे पाहिलं, दोन पावलं पुढे आली. मग तिची नजर माझ्यावर पडली, आणि ती वळून निघून गेली.

आम्ही परत आलो. चादरीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

आता ताई नव्या मांजरांसाठी मला पुन्हा पहिल्यापासून राबवते आहे, आणि मीही राबतो. पण मित्रांनो, टोक नसलेला कान दिसला तर त्या मांजराला तिथेच राहू द्या. आणि माझ्यासारख्या पिंजऱ्यातून कुणाला नेलंत, तर त्याला त्याच्या जागी परत आणा. मला रिकामा आणू नका. ताई मला घासते, हुंगते आणि म्हणते, वास गेला. पण तो गेलेला नाही.