तेजरामची पेटी पुढं आली

मी एक पत्र्याची पेटी. अंगावर पोचे, एक कडी तुटलेली, पण झाकणावरचं पांढऱ्या रंगातलं नाव अजून वाचता येतं: तेजराम. शेवटचा 'म' जरा अंग चोरून बसलाय, कारण रंगवता रंगवता त्याची जागा संपली होती.

बेचाळीस साली अंबाल्याच्या एका टिनवाल्यानं मला ठोकून घडवलं. तेजराम भंडाऱ्याकडच्या धानाच्या गावचा. विमानदलात भरती होऊन तो गनर झाला होता. बॉम्ब टाकणाऱ्या विमानात वैमानिकाच्या मागं पाठमोरं बसायचं आणि बंदूक धरून मागून येणाऱ्या शत्रूवर नजर ठेवायची, हे त्याचं काम. "बाकीचे कुठं चालले ते पाह्यतात, मी कुठून निघालो ते पाह्यतो," असं तो सोबत्यांना हसून सांगायचा. मला त्याचं हे बोलणं फार आवडायचं.

कलकत्त्याच्या बाजारातून त्यानं बायकोसाठी डझनभर हिरव्या बांगड्या आणल्या. माप माहीत नव्हतं, म्हणून स्वतःची तीन बोटं जुळवून दुकानदाराला दाखवली. मोज्यात गुंडाळून त्यानं त्या माझ्या तळाशी ठेवल्या, वर हिरवा लोकरी स्वेटर. मग चव्वेचाळीसच्या मार्चात एका सकाळी बर्मावर गेलेलं त्याचं विमान परत आलं नाही. डोंगराला धडकून ते पेटलं, हे सोबतच्या विमानांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. कुणालाच शंका उरली नव्हती.

दोन कारकुनांनी त्याच्या सामानाची इंग्रजीत यादी केली आणि तो कागद माझ्या झाकणाला आतून चिकटवला. सगळ्यात वर त्याचं नाव, नंबर आणि एक शब्द. त्याचा अर्थ 'मृत'. तो घेऊन मी गावी आले.

थोरला भाऊ केवलराम याला फौजेचं पत्र आधीच आलं होतं, त्यानं ते तहसिलीत वाचूनही घेतलं होतं. मला अंगणात उतरवून तो मोठ्यानं म्हणाला, "तेजरामनं सामान पुढं पाठवलं व माय! लढाई सरली का तो येते." हे बोलणं आईसाठी नव्हतंच, तिला त्यानं खरं काय ते आधीच सांगितलं होतं. ते दाराआड उभ्या असलेल्या मनकर्णासाठी होतं. तेजरामची बायको, वय अठरा. भासऱ्यापुढं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढं, तोंडावर पदर घ्यायचा आणि त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही, ही त्या घरची रीत. त्यामुळे उलट विचारायची सोयच नव्हती.

त्याच दुपारी सासू, ठकूबाई, एकटी माझ्याजवळ आली. तिनं स्वेटर नाकाशी धरला आणि तोंडात पदर कोंबून रडली. मग डोळे पुसून बाहेर गेली आणि सुनेला म्हणाली, "स्वेटरले ऊन दाखवत जाय, पोरी. तो आला का घालन."

असं का केलं? त्यांच्या समाजात तरुण विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागतो. ती दुसऱ्या घरी गेली असती, तर धानाची रोवणी कुणी केली असती? आणि ठकूबाईचं म्हातारपणचं दुखणं कुणी काढलं असतं? मनकर्णानं बारा वर्षं ते काढलं. दर दसऱ्याला ती मला उघडायची, सामान उन्हात घालायची. बांगड्या मात्र भरायची नाही. त्यानंच भराव्यात, अशी तिची हौस. अक्षर तिला ओळखता येत नव्हतं. झाकणातला कागद नवऱ्याच्या हातचा, असं सासूनं सांगितलेलं, म्हणून त्याच्या पहिल्या ओळीला ती हळदकुंकू लावायची. मी पत्र्याची, ओरडणार कशी! माझ्याच पोटात ते खोटं नांदत होतं आणि ती माझी पूजा करत होती.

ठकूबाई गेली. सत्तावन्न साली केवलराम भिलाईला कारखान्याच्या बांधकामावर खलाशी, म्हणजे अवजड सामान ओढणारा मजूर, म्हणून लागला. त्याची बायको कलावती, मनकर्णा आणि मी मजुरांच्या कॅम्पातल्या खोलीत आलो. मनकर्णा रेजा, म्हणजे बांधकामावरची मजूर बाई, झाली. भट्टीच्या पायव्यावर डोक्यानं काँक्रीटची घमेली वाहू लागली. तिथंच दोरखंडांनी यंत्रं वर चढवणारा रिगर असलेल्या चिंधूनं तिला पाटाबद्दल विचारलं.

"माहे मालक जिते हायेत," ती म्हणाली. "त्याईची पेटी पुढं आली हाये."

चिंधू लढाईत फौजेच्या मजुरांत होता. तो हळूच म्हणाला, "बाई, फौजेतला मानूस पेटी पुढं नाई पाठवत. मानूस गेल्यावरच पेटी घरी येते."

"तू आपल्या मतलबानं बोलून राहिला," ती चिडली. पण रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी मला डोक्यावर घेऊन ती टाइम ऑफिसच्या कारकुनाच्या क्वार्टरवर गेली. त्याची बायको वसुंधराबाई मॅट्रिक झालेली. बाईंनी यादी वाचली: स्वेटर एक, मोजे दोन जोड. पहिली ओळ मात्र कुंकवाच्या थराखाली गेलेली. त्यांनी ओलं फडकं घेऊन ती हलकेच पुसली, वाचली, आणि मनकर्णाचा हात धरला.

मनकर्णा रडली नाही. परत येऊन तिनं मला केवलरामपुढं ठेवलं. डोक्यावरचा पदर मागं सारला आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहून बोलली.

"तुमाले मालूम होतं?"

"तू गेली असती त मायले कोनं पाह्यलं असतं?" तो खाली पाहत म्हणाला.

"आन् मायले? तिलेबी मालूम होतं?"

केवलरामनं होकाराची मान हलवली. तेव्हा मात्र तिला रडू फुटलं. ज्या बाईचं मलमूत्र काढलं, जिला आई मानलं, तिनंही! केवलरामवर तिनं कधी जीव टाकलाच नव्हता. ठकूबाईवर टाकला होता.

मग तिनं मोज्यातल्या बांगड्या काढल्या आणि एक भरून पाहिली. घमेली वाहून तिचे हात राठ झाले होते. बांगडी अंगठ्याच्या सांध्यापुढं सरकली नाही. तिनं ती परत मोज्यात ठेवली.

देह नव्हता, म्हणून शिवनाथ नदीच्या काठी पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला तोच स्वेटर घातला. ती केवलरामला म्हणाली, "चौदा वर्सांपासून आग राह्यली हाये. द्या आता." त्यानं दिली. पुढच्या फाल्गुनात तिनं चिंधूशी पाट लावला. मला नेलं नाही.

आता मी केवलरामच्या खाटेखाली आहे. लोकहो, तुमच्या घरी कुणाची अशी पेटी आली, तर जिची ती आहे तिला आधी झाकणातला कागद वाचून दाखवा. रडू द्या तिला. तिचं रडणं तिच्या हक्काचं आहे.

झाडताना कलावती मला सरकवते, तेव्हा आत बांगड्या किणकिणतात. केवलराम जेवता जेवता थांबतो. मग पान तसंच ठेवून उठतो.