गाईच्या गळ्यातली साखळी

अठ्ठावन्न साली अल्लीपूरच्या बापूराव पाटलानं ट्रॅक्टरला जोडायचं गवत कापायचं यंत्र घेतलं. नागपूरच्या दुकानात दोन तऱ्हा होत्या. एक कैचीसारखं कापणारं, सपाट नि स्वच्छ कुरणासाठी. दुसऱ्याच्या पोटाखाली जाड पाती गरगर फिरायची. गवतच काय, झुडपंही उडवायची. बापूरावाच्या कुरणात झुडपं होती आणि दगडही. त्यानं दुसरं घेतलं. निवड चुकली नव्हती. दुकानदारानं यंत्राच्या मागे लोंबणारा साखळ्यांचा पडदा दाखवून बजावलं, "पाटीलसाहेब, पात्यात आलेला दगड गोळीसारखा सुटते. ह्या साखळ्या त्याले अडवतात. ह्या काढू नका, आन् चालू मशीनच्या मागं मानूस येऊ देऊ नका." बापूरावानं मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही.

पहिल्याच दिवशी ओलं गवत साखळ्यांत गुंतायला लागलं. दर फेरीला उतरा, ओढा, पुन्हा चढा. यंत्र बघायला गाव लोटलेलं, आणि पाटील खाली वाकून गवत उपसतोय, हे त्याला सोसेना. त्यानं साखळ्या काढून गोठ्यात फेकल्या.

तिथंच त्या तानाबाईला दिसल्या. तानाबाई म्हणजे त्याच्याकडे गवत गोळा करायला येणारी विधवा. तिची गाय दावं तोडून लोकांच्या वावरात शिरायची आणि शिव्या तानाबाई खायची.

"पाटील, हे तुकडे पडूनच हायेत तं मले देता का?"

बापूरावानं लोहाराकडून तुकडे जोडून घेतले आणि लांब साखळी तिच्या हाती दिली. मोठ्या मनाचा म्हणून त्याचं नाव झालं, आणि ते त्याला आवडलंही. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय!

पुढच्याच आठवड्यात दगड सुटला. तानाबाई नेहमीसारखी यंत्रामागून गवत गोळा करत येत होती. तिला थांबवावं, हे बापूरावाच्या मनातही आलं नव्हतं. तिला वर्ध्याला नेलं, पण डावा डोळा वाचला नाही.

गाव म्हणालं, नशीब. तानाबाई म्हणाली, "माहीच चूक. मीच जवळ गेलती." बापूरावानं तिला तसं म्हणू दिलं. तिच्या घरी त्यानं ज्वारी पाठवली, दूध पाठवलं. तसं गाव त्याचे आणखी गोडवे गाऊ लागलं. कोणी यंत्राकडे नुसतं पाहिलं तरी तो दचके. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

कुरण अर्धं उभं होतं. सासूच्या जागी सून सुलोचना कामाला येणार हे कळलं आणि त्याला धसका बसला. साखळी परत मागावी तर सगळं सांगावं लागणार. म्हणून त्यानं हिंगणघाटहून तसल्याच कड्यांची नवी साखळी आणली, तिचे तुकडे करून गुपचूप यंत्रामागे टांगले आणि सुलोचनाला बजावलं, "मशीन बंद झाल्याबिगर बांध सोडू नोको." शहाणपण आलं, पण तेही चोरपावलांनी.

दुपारी यंत्र बंद असताना तानाबाई सुनेची भाकर घेऊन आली. एका डोळ्यावर पट्टी होती. ती वाकली आणि लोंबणारी साखळी हातात धरून पाहू लागली.

"पाटील, माह्या गाईच्या गळ्यात अशीच हाये नं?"

"हो."

"इथं कायले लावली?"

शोभेला, असं म्हणता आलं असतं. तिनं ते मानलंही असतं. तिनं मानलं असतं, हेच बापूरावाला सहन झालं नाही.

"दगड अडवाले," तो म्हणाला. "पयले होती. मी काढली. तेच तुले देल्ली."

"आन् तुमाले मालूम होतं?"

"मालूम होतं. दुकानदारानं सांगतलं होतं."

तानाबाईनं साखळी हातातून सोडली.

"रोज सांजीले गाय बांधतानी मी तुमाले आशीर्वाद देत होती, पाटील," ती म्हणाली. मग तिनं सुनेला हाक मारली आणि दोघी गावाकडे चालू लागल्या. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बापूरावाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको अन्नपूर्णा सडा टाकायला बाहेर आली, तर उंबऱ्यापाशी साखळी पडलेली.

"अवो, हे कोनाची साखळी पडली इथं?"

"आपलीच हाये," बापूराव म्हणाला, आणि ती उचलायला वाकला.