हाजराबीचा चाटू

टेका बाप्पा, घडीभर बसा. कापसाले सोन्याचा भाव आला होता, त्या सालातली एका चाटूची गोष्ट सांगतो. लाकडाचाच चाटू, चुलीवर ढवळाचा. पन त्याच्यापायी एका घरची सून माहेरी निघाली होती.

तं त्या घरच्या म्हाताऱ्या रहमतुल्लानं पह्यला घास तोंडात टाकला अन् थाळी सरकवली.

"आजबी कण्या बुडाले लागल्या."

दाराआड आयशाबी उभी. नवी सून, पदर नाकापावतर, सासऱ्यापुढं तोंड उघडाची सोय नाही. रहमतुल्लाचा पोरगा बद्रुद्दीन हसत म्हने, "अब्बा, म्या अमरावतीहून पितळेची पळी आनली ना? तुमीच तं ती पळी चुलीपाशी जाऊ देत नाही."

"पितळ मडकं फोडते, येड्या! तुह्या अम्मीनं सारी उमर याच चाटूनं रांधलं. दाना नाही लागला कधी. हिचं मनच नाही चुलीत. सकाळी कापसाची बंडी नेतं ना अमरावतीले? हिलेबी बसव. राहू दे माहेरी. शिकली की पाहू."

बद्रुद्दीनचं हसू जिथल्या तिथं आटलं. अशी पाठवलेली सून कोन वापस आनते? दाराआड बांगडी वाजली, बस्स.

म्हातारा उठला. रोजच्यावानी त्यानं हाजराबीचा चाटू सोताच्या हातानं धुतला, पुसला, खुंटीले टांगला. त्याची बायको हाजराबी जाऊन साल उलटलं होतं.

रहमतुल्ला लाकडाचा कारागीर. आता साऱ्या गावाले कापसाचं येड, म्हनून तो सरकी काढाच्या रेच्याच्या लाटा, म्हंजे लाकडी रूळच, करे. पन पह्यले पंचक्रोशीत चाटू घडवावा तं त्यानंच. शिवणीचं लाकूड वाकसानं तासे, मंग विळ्यावानी वाकड्या सुरीनं पोट कोरे. ती सुरी लोहारापाशी बसून घडवून घेतलेली. गावात नवी सून आली की तिची सासू तिले त्याच्या ओट्यावर आने. रहमतुल्ला म्हने, "घे माय, रिकाम्या मडक्यात हात फिरव." पोरगी लाजे, हसे, अन् हात फिरवे. मनगट कसं वळते ते पाहूनच तो चाटूची कड तिरपी काढे, बुडाले घासून जाईल अशी. हाजराबी आतून वरडे, "पोरीचे हात पाहू नका, कण्या पाहा!" सारा ओटा हसे.

सकाळी रहमतुल्ला लाकूड भिजवाले पानी घ्यायले मांगच्या दारी गेला. चूल पेटली होती. आयशाबीची पाठ त्याच्याकडं. ती ढवळत होती, अन् डाव्या हातानं. उजव्या हातानं डावं मनगट धरून, लेकराचा हात धरून चालवावा तसं. मनगटावर वाफेनं भाजल्याचे डाग, काही जुने, काही ओले.

"डाव्या हातानं काहून, बेटी?"

ती दचकली. पदर वढला. पदराआडून बोलली.

"उजव्या हातात हा चाटू उलटा पडते, अब्बा. कड बुडाले पोचतच नाही. अम्मी डाव्या हाताच्या होत्या ना? म्हनून डाव्यानं शिकून राह्यली."

रहमतुल्लानं हातातला गडू खाली ठेवला. हाजराबी डावखुरी. सासूचे टोमने खाये बिचारी, म्हनून त्यानंच लग्नाच्या सालात तिच्यासाठी उलट्या कडेचा चाटू कोरला होता. गावच्या साऱ्या सुनांचे हात पाह्यले बुढ्यानं. घरच्या सुनेचा नाही.

"अवो, मंग बोलली काहून नाही?"

"तुमी जेवल्यावर तो सोताच्या हातानं धुता," आयशाबी म्हने. "कसं बोलू?"

म्हातारा ओट्यावर आला. अर्धी झालेली रेच्याची लाट बाजूले लोटली, शिवणीचा ठोकळा घेतला, वाकड्या सुरीवरची धूळ धोतरानं पुसली. मंग उंबऱ्यापाशी रिकामं मडकं ठेवलं अन् तोंड फिरवून म्हने, "घे माय. हात फिरव."

आयशाबी उंबऱ्याआड बसली. पदराखालून निस्ता उजवा हात भाईर आला, मडक्यात फिरला. रहमतुल्लानं मान वळवून मनगट पाह्यलं. डोळे पुसले, पुन्हा पाह्यलं.

"अजून एकडाव," तो म्हने.

तेवढ्यात बद्रुद्दीन अंगनातून वरडला, "अब्बा, बैल जुपले! आयशाले बसवू का?"

रहमतुल्लाची सुरी लाकडात चालत होती. त्यानं वर पाह्यलं नाही.

"बंडीत कापूस भर, गध्या! त्याच्यात मानूस कोठी बसते?"

बद्रुद्दीन दाराकडं पाहत राह्यला. उंबऱ्याआडून हासल्यासारखं काहीतरी आइकू आलं.

बस्स, एवढीच. आता घरी जासान, तं चुलीपाशी मुकाट बसजा, अन् तुमच्या घरचा चाटू कोन्या अंगानं झिजला ते पाहजा. कोनाले पुसू नका. मंग उद्या इकडून गेले की मले येऊन सांगजा.