उंबरझिऱ्यावरची गोष्ट

गजेंद्र दर रविवारी शहरातल्या लोकांना गावातले झरे पायी फिरवून दाखवायचा, पण बायकोला त्यानं कधी सोबत नेलं नव्हतं. जयमालालाही त्याचं काही वाटायचं नाही. ज्या झऱ्यांवर लहानपणापासून पाणी भरलं, ते काय बघायचे? त्या रविवारी मात्र खामगावहून तिची मामेबहीण सुचिता आली होती आणि तिनं हट्टच धरला. गजेंद्र जरा चाचरला. मग म्हणाला, "चाला."

वेशीबाहेर पडून सगळे गायमुखावर आले. हे पाणी डोंगरातून कसं झिरपतं, दगडी तोंड कुणी बसवलं, गजेंद्रनं सगळं झकास सांगितलं. पाहुणे ओंजळीनं पाणी प्यायले. घरात धड दोन शब्द न बोलणारा आपला नवरा इतकं गोड बोलतो, याचं जयमालाला नवल वाटलं. थोडा अभिमानही वाटला.

पुढे उंबरझिरा. तिथं त्यानं आवाज बारीक केला.

"या कुंडात एका पोरीनं जीव दिला. लग्न मोडलं होतं तिचं. अजूनही सांजच्याला इथं पैंजण वाजतात."

बायका एकमेकींना बिलगल्या. कुणीतरी मोबाइल वर धरला. या कुंडात एकच पोर गेली होती. तिची धाकटी बहीण, डिंपल. शाळेत जाणारी. लग्नाचा विषयही नव्हता.

"जीव नाही दिला तिनं," जयमाला बोलून गेली. "धुणं धुवाले आल्ती. शेवाळावरून पाय घसरला. माही बहीण होती."

सुचितानं तिचा हात धरला. तेवढ्यात टोपीवाल्या एका पाहुण्यानं हळूच विचारलं, "मग ते पैंजण?"

घरी आल्यावर गजेंद्र भडकला. "चारचौघांत माही इज्जत घालवली तूनं. मी काय नाव घेतलं होतं तिचं?"

"तुमीच तं काढलं तिले कुंडातून बाहेर," जयमाला म्हणाली. "तुमाले तरी खरं माईत होतं."

त्यानं क्षणभर खाली पाहिलं. "नुसतं पाणी पाहाले कोण येते व एवढ्या दूर?"

गोष्ट जयमालाच्या आईच्या, कौशल्याबाईच्या कानावर गेली. ती रडली नाही, तिनं जावयाला जाबही विचारला नाही. पुढच्या रविवारी सकाळीच जाऊन उंबरझिऱ्यावर धुण्याच्या दगडावर बसली. "लोकं आले की मीच सांगीन," म्हणाली. जयमाला तिच्याजवळ बसून राहिली.

ऊन चढल्यावर पाहुणे दिसले. गजेंद्रनं लांबूनच सासूला ओळखलं आणि सगळ्यांना पांदीच्या वाटेनं पलीकडच्या झऱ्याकडे, राणीझिऱ्याकडे वळवलं. जयमाला उठून त्यांच्या मागं गेली. बोरीच्या आड उभी राहिली, तोच तिच्या कानावर शब्द आले.

"या कुंडात एका पोरीनं जीव दिला..."

राणीझिऱ्यात गुडघाभरही पाणी नव्हतं. तरी लोक वाकून, जीव मुठीत धरून आत बघत होते. पुढं होऊन बोलावं, असं तिला वाटलं. पण ती बोलली, तर हा उद्या तिसरा झरा शोधेल. ती तशीच माघारी फिरली.

"आले का व?" कौशल्याबाईनं विचारलं. तिनं पदर नीट केला होता, बोलायच्या तयारीनं.

"नाही माय," जयमाला म्हणाली. "आज कोणीच नाही आलं. चाल घरी."

"बसतो अजून घडीभर," कौशल्याबाई म्हणाली.