परत विचारलं की चुकलं

बालवर्गाच्या त्या खोलीत मावशीला भिंतीकडच्या खुर्चीवर बसवून बजावलं होतं, परीक्षा होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. शिवणाचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून आलेल्या बाईला गप्प बसवणं म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक. पण गोटीला यंदा वर्गात घेतलं नाही, तर बहिणीची ही चार वर्षांची पोर आणखी वर्षभर कात्री आणि तापलेल्या इस्त्रीमध्ये वावरणार होती. म्हणून मावशी गप्प होती.

परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी बटणांच्या दोन ओळी मांडल्या. सहा वर, सहा खाली. मग खालची ओळ पसरवली. "आता कुठे जास्त?"

"सारखीच," गोटी म्हणाली. दुकानात दिवसभर बटणंच मोजते ती.

"नीट बघ. कुठे जास्त?"

गोटीने वळून मावशीकडे पाहिलं. "खाली."

मॅडमनी पहिल्या चौकटीत बरोबरची खूण केली, दुसरीत फुली. मग पाणी झालं, मातीचे गोळे झाले, काड्या झाल्या. दर वेळी तेच, आधी बरोबर, मग घोटाळा. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"समज कमी पडते. पुढच्या वर्षी आणा," मॅडम म्हणाल्या.

"अगं, आलेलं उत्तर बदललंस कशाला?" मावशीला राहवेना.

"तू परत विचारतेस तेव्हा चुकलेलंच असतं ना," गोटी म्हणाली.

खरं होतं. बटणं बरोबर निघाली की मावशी मुकाट्याने टाके घालायला घ्यायची. 'परत मोज' म्हणायची ती चुकल्यावरच. पोरीचं डोकं ठिकाणावर होतं, आणि वाट लावली होती मावशीच्या शिस्तीने. तिला स्वतःचाच राग आला.

"मॅडम, एकदाच विचारून बघा."

"कागदावर दोनदा विचारायचं लिहिलंय. बारा देशांत हाच कागद चालतो. गुण दुसऱ्या उत्तराचे."

बारा देशांत कुणाच्या घरी कसं विचारतात, ते त्या मेल्या कागदाला कुठून कळणार? मावशीने राग गिळला. "पहिली उत्तरं किती बरोबर आहेत?"

"चार."

"नीट बघा. किती?"

मॅडमचं बोट परत कागदाच्या पहिल्या ओळीवर गेलं. "थांबा हं, मोजते."

गोटी टेबलावर वाकली आणि खुणांवर बोट ठेवत गेली. "चारच आहेत," ती म्हणाली.

या खेपेला मॅडमनी तिला परत विचारलं नाही. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि त्या फुल्या पुसायला खोडरबर शोधू लागल्या.