पावाच्या सुरीने कापलेला दोर

मी एक जुना दोर आहे. जुना म्हणण्याआधी आखूड म्हणा, कारण माझा चार हात लांबीचा तुकडा आता माझ्यापाशी नाही. तरीही, मित्रांनो, माझ्याइतका समाधानी दोर साऱ्या कालव्यावर सापडायचा नाही. कारण सांगतो, पण आधी माझ्या माणसांविषयी थोडे सांगू द्या.

आमची टीझल ही लांबलचक, अरुंद बोट आठ कुटुंबांनी मिळून घेतलेली आहे. वर्षाचे आठवडे त्यांनी आपसांत वाटून घेतले आहेत. शनिवारी सकाळी एक घर उतरते, दुपारी दुसरे चढते, आणि जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी दूध आणि केकचा तुकडा ठेवायचा अशी रीत आहे. माणसे बदलत राहिली, मी मात्र पुढच्या डेकवरच. त्यामुळे आठही घरांचे हात मला पाठ आहेत. बार्लो मंडळी मला इतक्या हळू धरतात की मी निसटतोच. थॉर्प भावंडे मला बुटाच्या नाडीसारखी गाठ मारतात, आणि सकाळी ती सोडवताना एकमेकांशी भांडतात.

मला घडवले क्लेमंट पर्सलोने. टपालखात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ आठ मालकांपैकी एक. एका हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून त्याने माझे तिन्ही पेड उकलले आणि एकात एक विणून टोकाला सुबक फासा केला. चार वेळा उसवला, पाचव्यांदा जमला. मग स्वारीला मला किती जपू आणि किती नको असे झाले. बोटीच्या दाराशी त्याने सूचनाच लावल्या: दोरावर पाय देऊ नये, दोर ओला गुंडाळू नये, दोराला कुत्रा बांधू नये. त्याखाली विनी टॅगने पेन्सिलीने लिहिले, "दोराला अंगाई कोणती म्हणायची तेही लिही, क्लेमंट." विनी ही आणखी एक मालकीण. एकोणऐंशी वर्षांची, एकटी, त्यामुळे ती नेहमी क्लेमंट आणि त्याची बायको एनिड यांच्याबरोबर येते.

खरे सांगायचे तर त्या लाडाने मीही थोडा शेफारलो होतो. आपल्यावाचून या बोटीचे चालायचे नाही असे मला वाटू लागले. माझे काम धरून ठेवण्याचे, आणि मी कधी कोणाला दगा दिला नव्हता.

आता तो दिवस. कालव्यात उतार आला की दगडी हौद लागतात. बोट हौदात घ्यायची, वरचा दरवाजा लावायचा, खालच्या दरवाजाच्या झडपा उघडायच्या. पाणी निघून जाते तशी बोट हळूहळू खाली जाते. अशा वेळी दोर काठावरच्या खुंट्याला बांधायचा नसतो. हातात धरून सैल सोडत राहायचा असतो. हे क्लेमंटला ठाऊक नव्हते असे कसे म्हणू? त्यानेच ते बाकीच्या सात घरांना शिकवले होते.

पण त्या सकाळी क्लेमंट मला हातात धरून काठावर उभा असताना एक वाटसरू थांबला आणि म्हणाला, "वा, फासा काय सुरेख विणलाय! तुम्हीच केलात?"

झाले. क्लेमंट त्याला पेड कसे विणायचे ते दाखवू लागला, आणि दाखवता दाखवता त्याने मला खुंट्याला दोन वेढे देऊन वर पक्की गाठ मारली. तसाच बोलत बोलत तो खालच्या दरवाजाकडे गेला आणि हँडल फिरवून दोन्ही झडपा उघडल्या. एनिड मागे सुकाणूपाशी होती. विनी पुढच्या स्वयंपाकघरात अंडी तळत होती.

पाणी उतरू लागले. मी ताणला गेलो. माझ्या जिवावर बोटीचे नाक वरच लटकून राहिले, आणि मागची बाजू खाली, आणखी खाली जाऊ लागली. आतल्या फळीवरच्या बश्या धडाधड कोसळल्या.

"क्लेमंट!" एनिड ओरडली. "पाणी मागनं आत येतंय! विनी आत आहे रे!"

क्लेमंटने एक झडप पाडली. दुसरी गंजलेली, ती अर्ध्यावरच अडकून बसली. तो धावत खुंट्याशी आला आणि माझी गाठ ओढू लागला. त्याची नखे तुटली. इतक्या ताणाची गाठ कोणाच्या बापाला सुटायची नाही. मित्रांनो, मला त्या क्षणी काय वाटले ते सांगतो. मला सुटायचे होते. आयुष्यात पहिल्यांदाच सुटायचे होते, आणि मला फक्त धरून ठेवणेच येत होते. माझ्याच पायी टीझल बुडणार, विनी बुडणार, आणि माझे पेड मात्र घट्टच.

तेवढ्यात पुढचे दार उघडले. चौकटीला धरून, चढणीवर उभे राहावे तशी तिरकी होऊन विनी बाहेर आली. हातात पाव कापायची दातेरी सुरी.

"क्लेमंट," ती म्हणाली, "तुझ्या लाडक्याला कापू का?"

"विचारतेस काय, बाई? काप! काप!"

ती बाजूला सरकली, हात लांब केला आणि सुरी चालवली. पहिला पेड गेला. दुसरा गेला. तिसरा माझा मीच तोडला.

टीझल धप्पकन पाण्यावर आदळली, दोनदा डुलली आणि सरळ झाली. माझा वरचा तुकडा खुंट्यावर लोंबत राहिला, खालचा विनीच्या पायाशी पडला. दुखले नाही. एवढे हलके मला कधीच वाटले नव्हते.

एनिड सुकाणूला मिठी मारून हसत होती आणि रडतही होती. विनी म्हणाली, "अंडी गेली. चहा चालेल ना?" क्लेमंट हौदाच्या भिंतीतल्या शिडीवरून कसाबसा उतरला, थेट माझ्या अंगावर पाय देऊन तिच्याकडे गेला, आणि त्याला ते कळलेही नाही.

वसंतात आठही घरे बोट घासायला, रंगवायला जमतात. तेव्हा क्लेमंट सगळ्यांसमोर उभा राहिला आणि झालेली चूक त्याने स्वतःच सांगितली. आता टोमणे सुरू होणार म्हणून तो मान खाली घालून थांबला होता.

थॉर्पांची थोरली बहीण खाकरली. "गेल्या वर्षी आम्ही टीझलला तीन तास गाळात रुतवलं होतं. बोटीच्या नोंदवहीत लिहिलं, 'निवांत जेवलो.'"

"आम्ही तर एका पुलाचा कोपराच उडवला," बार्लो म्हणाला. "कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही."

मग जो तो बोलू लागला. क्लेमंट डोळे पुसून हसत होता. मला हे सगळे आधीच माहीत होते, पण ते त्यांनी एकमेकांना सांगितलेले ऐकून जिवाला फार बरे वाटले.

क्लेमंटने मला पुन्हा विणले आहे. पहिल्याइतके सुबक नाही. दारावरच्या सूचना काढून तिथे त्याने ती सुरी टांगली आहे.

मित्रांनो, दोराची काळजी घ्या. त्याला कोरडा ठेवा, पीळ तपासा. पण आत माणूस असेल आणि गाठ सुटत नसेल, तर माझा विचार करू नका. मला कापताना कोणाला विचारूही नका.