माझी केस

भिंगरीला सात वर्षं एक शब्द चुकीचा कळला होता, आणि खरं सांगायचं तर त्या चुकीवरच ती पोरगी वाढली.

ती नऊ वर्षांची असताना गरीब मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने तिला सात वर्षांच्या मुदतीसाठी ताईकडे सोपवलं. ताई तेव्हा बावीस-तेवीसची, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दर शनिवारी दुपारी भिंगरीने दुकानात जायचं आणि ताईने तिचा अभ्यास घ्यायचा, असं ठरलेलं. पहिल्याच शनिवारी ताईने पुस्तक बाजूला ठेवून कंगवा हातात घेतला, कारण पोरीच्या डोक्याचं नुसतं घरटं झालं होतं. आई बिचारी इस्त्रीच्या दुकानात सकाळपासून उभी. वेण्या कधी घालणार? मध्येच फोन वाजला. तो खांद्याशी दाबून धरत ताई मैत्रिणीला म्हणाली, "शनिवारी नको गं. शनिवारी माझी केस असते."

"'माझी केस' नाही ताई, 'माझे केस' म्हणायचं," भिंगरीने लगेच चूक काढली. "आणि ते तुझे कुठे आहेत? माझे आहेत!"

ताईची हसून हसून पुरेवाट झाली. तिने दुकानमालकालाही सांगितलं. तेव्हापासून तो दर शनिवारी दारातूनच ओरडायचा, "तुझी केस आली गं!" आणि सगळ्यात मोठ्याने भिंगरीच हसायची. खरा अर्थ मात्र दोघांपैकी एकानेही सांगितला नाही. एवढी शिकलेली माणसं, पण एक वाक्य बोलायला जशी काही जीभ झिजणार होती!

पुढे भिंगरीला कोर्टातली केस कळली, दवाखान्यातली कळली. पण दुकानातली केस म्हणजे आपली वेणी, ताईचा आणि आपला खास शब्द, यात तिला तिळभर शंका आली नाही. घरात पाणी असो नसो, शुक्रवारी ती डोकं धुणारच. "कुठे लग्नाला निघालीस का?" आई चिडून विचारायची. "उद्या शनिवार आहे," एवढंच उत्तर.

सोळाव्या वर्षी तिने चष्म्याची भिंगं घासण्याच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून अर्ज केला. जागा एकच होती. आईच्या सहीबरोबर जवळच्या एका कमावत्या माणसाची सही हवी होती, दोन वर्षं हमी घेणारी. सहीशेजारी रकाना होता, 'अर्जदाराशी नातं'. आठवडाभर भिंगरी मनातल्या मनात तो रकाना भरत होती. ताई 'मानलेली बहीण' लिहील, की नुसतंच 'बहीण'?

शनिवारी ताईने सही केली आणि फॉर्म पुढे सरकवला. रकान्यात सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'संस्थेची केस. मुदत या महिन्यात पूर्ण.'

"हे काय गं, ताई?"

"अगं, खोटं कसं लिहू? संस्थेत तुम्हा सगळ्या मुलांना केसच म्हणतात. पहिल्यापासून."

"म्हणजे तेव्हा फोनवर तू..."

"अगं बाई! तुला ते अजून वेणीचंच वाटत होतं?" ताई हसायला लागली, अगदी सात वर्षांपूर्वीसारखी. "आम्हाला वाटलं, तुला कधीच कळलं असेल!"

दर शनिवारी आपण कशावर हसत होतो, ते भिंगरीला आत्ता कळलं.

ताईने सवयीने खणातून कंगवा काढला. "ये, सोमवारी मुलाखत ना? छान वेणी घालून देते."

"राहू द्या," भिंगरी म्हणाली. "तुम्हाला उशीर होईल."

सात वर्षांत ती ताईला पहिल्यांदाच अहो-जाहो बोलली. कंगवा ताईच्या हातातच राहिला.

सोमवारी भिंगरी केस न विंचरताच कारखान्यात गेली. कारकुनाने तो रकाना वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ज्यांची मुदतच संपली, त्यांची हमी घेऊन आम्ही काय करू? जवळचं माणूस सांगितलं होतं ना?"

"दुसरं कुणी नाही."

"मग यंदा जमायचं नाही." त्याने फॉर्म परत दिला, आणि मग काहीतरी आठवल्यासारखं विचारलं, "पण ही केस म्हणजे कोण?"

"मी," भिंगरी म्हणाली. "मी त्यांची केस होते."